डाव्या सीटचा ब्रेक

माझ्या बसखाली येता येता राहिलेला पहिला माणूस म्हणजे माझा बाप.

मी शहर बस चालवते. त्या दिवशी भाजीबाजाराच्या चौकात मला डावीकडे वळायचं होतं. बस काही स्कूटरसारखी जागच्या जागी वळत नाही. आधी तिचं तोंड थोडं उजवीकडे काढावं लागतं आणि मग डावीकडे घालावं लागतं, नाहीतर मागचं चाक आत कापत जातं आणि फुटपाथवर चढतं. तोंड उजवीकडे काढलं की डाव्या अंगाला एक मोकळी पट्टी तयार होते, आणि जगातले झाडून सगळे शहाणे त्या पट्टीत घुसतात. त्यांना वाटतं, बाईने आपल्यासाठी वाट सोडली आहे.

इंडिकेटर चालू होता. डावा आरसा पाहिला, कुणी नव्हतं. स्टिअरिंग फिरवलं आणि पुन्हा आरसा पाहिला, तर त्यात एक पांढरी टोपी, टोपीखाली सायकल. टोपीवाल्याने मान वर केली आणि बसचा पत्रा आपल्याकडे येतोय हे पाहिलं. शहाणा माणूस इथे थांबतो. या माणसाने वेग वाढवला.

मी ब्रेकवर उभीच राहिले. सगळी बस पुढे कलंडली. एका बाईंची पिशवी फुटून बटाटे माझ्या सीटखाली आले आणि आमचा कंडक्टर एका अनोळखी गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसला. सायकल बसचं पुढचं दार आणि फुटपाथ यांच्यामधून सुळकन निसटली आणि कोबीच्या पाल्याच्या ढिगात जाऊन रुतली.

मी दार उघडलं आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात ओरडले, "ओ काका! घरी सांगून आलात का?"

काकांनी पाल्यातून डोकं काढलं, टोपी सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. "घरी कुणाला सांगू? तू तर उजाडायच्या आतच निघून गेलीस."

बसमध्ये हशा पिकला. कंडक्टरला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. तो गृहस्थांच्या मांडीवरून उठत म्हणाला, "मंडळी, घाबरू नका, घरगुती मामला आहे." मी हसले नाही. पुढच्या थांब्यापर्यंत मी बस पहिल्या गिअरमध्येच नेली.

माझ्या वडिलांना अर्धं शहर सर म्हणतं. मीसुद्धा चिडले की सरच म्हणते. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक छोटी निळी गाडी, तिच्या डोक्यावर पिवळा बोर्ड, आणि डाव्या सीटपुढे सरांसाठी वेगळा ब्रेक. आयुष्यभर सर त्या डाव्या सीटवर बसले. उजवीकडे घाम पुसणारा विद्यार्थी, डावीकडे सर, हातात लाकडी फूटपट्टी. चुकीचा गिअर टाकला की पट्टी गुडघ्यावर. आणि वेळ आली की सरांचा उजवा पाय त्यांच्या ब्रेकवर. शहरातल्या किती भिंती, गायी आणि सासरे त्या एका पायाने वाचवले याचा हिशोब नाही.

त्या शाळेत पास होण्याची एक पद्धत होती. सरकारी परीक्षा वेगळी, ती कुणीही पास होतो, रस्त्यावर बघा. सरांची परीक्षा म्हणजे मांडी. एखाद्या दिवशी भर गर्दीत सर चप्पल काढायचे, दोन्ही पाय ब्रेकवरून उचलायचे आणि सीटवर मांडी घालून बसायचे. बोलायचे काही नाहीत. विद्यार्थ्याला कळायचं की आता या गाडीला दुसऱ्या ब्रेकची गरज उरली नाही. लोक ते वर्षानुवर्षं सांगतात. "सर माझ्या वेळी मांडी घालून बसले" हे आमच्या शहरात लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगितलेलं मी ऐकलं आहे.

माझ्या वेळी ते बसले नाहीत.

मी शिकले, उत्तम शिकले, पट्टी खाऊन शिकले. शेवटच्या दिवशी बाजारातून, चढावरून, शाळा सुटलेल्या रस्त्यावरून गाडी नेली आणि सबंध वेळ डाव्या डोळ्याने त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. पाय हलले नाहीत. उतरताना विचारलं तर म्हणाले, "पाय आखडलाय." दुसऱ्याच दिवशी किराणावाल्याच्या जावयाच्या शेजारी मस्त मांडी ठोकून बसले. तो जावई रिव्हर्स घेताना आजही मुंडी बाहेर काढून देवाचं नाव घेतो. मी पुढे बस चालवायला लागले, माझा फोटो डेपोच्या भिंतीवर लागला, नवऱ्याने मला सोडलं की मी त्याला हा वाद संपला, पण ती मांडी माझ्या घशात अडकून राहिली ती राहिलीच.

मग शाळा बंद झाली, कारण हल्ली लोक गाडी मोबाइलवर शिकतात. निळी गाडी विकली. सर सोफ्यावर बसले आणि सोफा खचायला लागला. आई म्हणायची, "फर्निचर झालंय माझ्या नवऱ्याचं." टीव्हीवर कुणी गाडी पळवली की त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा, तेवढीच काय ती हालचाल. शेवटी डॉक्टरने गुडघ्यासाठी सायकल सांगितली. पहिल्या आठवड्यात सर कुरकुरले, दुसऱ्या आठवड्यात टोपी घेतली, आणि महिन्याभरात माणूस परत माणसात आला. सगळ्या शहराला हात करत फिरायला लागले. आणि आता हे.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सर चहा पीत होते आणि आईला माझी चूक समजावत होते.

"सायकलने डावीकडून जायचं असतं," ते म्हणाले. "मी डावीकडे होतो. हिने वळताना बघितलं नाही."

"मी बघितलं! तेव्हा तुम्ही नव्हता. इंडिकेटर लागल्यावर तुम्ही आत घुसलात. आणि घुसलात ते घुसलात, बस अंगावर येताना दिसली तर थांबायचं सोडून पळवलीत कशाला?"

"पळवली? मी?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी ब्रेक दाबला."

"मी आरशात पाहिलं, बाबा. तुम्ही वेग वाढवलात."

"मला ब्रेक शिकवतेस? चांगला कचकचून दाबला."

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "दाबला म्हणतात तर दाबलाच असेल. झोपेतसुद्धा दाबतात. माझी नडगी बघ, कायम निळी."

आम्ही दोघंही खरं बोलत होतो, हे मला कळत होतं, आणि तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. मी विचारलं, "बाबा, ब्रेक कशाने दाबलात?"

"कशाने म्हणजे? पायाने."

आई आधी खो खो हसली. मग मधेच थांबली. निवडलेली भाजी आणि देठं तिने एकाच ताटात टाकली, यावरून मला कळलं की तिलाही उमगलं. सायकलचा ब्रेक हातात असतो. पायात असतं ते पायडल. जिवावर बेतलं की सरांचा उजवा पाय जन्मभराच्या सवयीने खाली जाणार, आणि पाय खाली गेला की सायकल पुढे जाणार. वळणारी गाडी जितकी जवळ, तितका पाय जोरात. म्हणजे माझा बाप संकट दिसलं की त्याच्याकडे धावत सुटणार होता, आणि वर शपथेवर सांगणार होता की मी ब्रेक दाबला.

सर आपल्या उजव्या पायाकडे बघत बसले. तो पाय तेव्हाही फरशीवर दाबलेला होता.

"उद्यापासून सायकल बंद," आई म्हणाली. "विकून टाका."

सर उठले. बाहेर गेले आणि सायकलवरचा कोबीचा पाला एकेक करून काढत बसले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. सायकल गेली तर बाबा परत सोफ्यात जाणार होते, आणि राहिली तर एक दिवस कुणाच्या तरी मागच्या चाकाखाली. मला दोन्ही नको होतं. रागावून मी आईला म्हटलं, "एक महिना दे. मी शिकवते."

"ह्यांना? आयुष्यात कुणी काही शिकवलंय ह्यांना?"

"शिकवते. पास झाले तर सायकल राहील."

सर दारातून म्हणाले, "पास कोण करणार?"

"मी."

"मग रीतीने कर. मांडी घालून बसलीस, तरच मी पास समजेन." माझ्याकडे न बघता बोलले, पण बाण बरोबर लागला. मी म्हटलं, ठरलं.

पहिला धडा डेपोत झाला. मी सरांना माझ्या सीटवर बसवलं आणि रेडिओला सायकल घेऊन डावीकडे पाठवलं. "आरशात बघा. कुठे आहे तो?"

सरांनी पाहिलं. "कुणी नाही. पळाला वाटतं चहाला."

खालून टणटण घंटी वाजली. रेडिओ पुढच्या दाराच्या मागे, बसला खेटून उभा होता आणि ओरडत होता, "मेलो हो सर, मेलो!"

सरांनी आरसा खाली वळवला. आता रेडिओ दिसला, पण मागचं चाक दिसेना. आरसा पुन्हा वर घेतला. चाक दिसलं, रेडिओ गेला. हा खेळ बराच वेळ चालला. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर आंधळा असतो."

"त्या बाजूला, हो."

"मग तुला लायसन कुणी दिलं?"

"तुम्ही तर नाहीच दिलंत."

त्यांनी आरसा पुन्हा खाली वळवला. दुसऱ्या धड्याला मी त्यांचीच फूटपट्टी घरून आणली आणि सायकलच्या कॅरिअरवर बसले. माझं वजन आणि सरांचं वय बघता डेपोतले मेकॅनिक हातातली कामं टाकून बघायला आले. ठरलं असं की मी "थांबा" म्हटलं की त्यांनी हाताने ब्रेक दाबायचा, पाय दाबला तर पट्टी.

"थांबा!" म्हटलं. पाय खाली गेला, सायकल उसळली, मी मागच्या मागे ऑइलच्या डबक्यात बसले.

आठवडाभर हेच. शांतपणे सांगून ठेवलं की हात बरोबर चालायचा. अचानक ओरडलं की पाय. पट्टी मोडली. रेडिओने सुचवलं की सरांचा पायच बांधून ठेवावा. एकदा तर सर स्वतःच आपल्या गुडघ्याला शिवी देऊन म्हणाले, "हा मेला माझं ऐकतच नाही गं." आवाजात इतकी लाज होती की मला गलबलून आलं. विद्यार्थ्यांच्या गुडघ्यांवर पट्ट्या मारणारा माणूस स्वतःच्या गुडघ्यापुढे हरला होता. आम्ही दोघं टायरच्या ढिगावर बसलो. चहा झाला.

"मला तुम्ही काय सांगायचात आठवतं?" मी म्हटलं. "मी घडीघडी ब्रेक मारायचे तेव्हा?"

"काय?"

"रोज ब्रेक मारावा लागत असेल तर ब्रेकचं काही चुकलेलं नाही, तू चुकीच्या जागी आहेस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की सरांना ते फार आवडतं.

तेव्हापासून आम्ही पायाचा नाद सोडला आणि जागा धरली. वळणाऱ्या गाडीच्या कुशीत जायचंच नाही. चौक जवळ आला की पुढच्या मोठ्या गाडीच्या मागे राहायचं, चांगलं अंतर ठेवून, आणि कडेला चिकटायचं नाही. तिच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं पाहिजे. ते बघण्यासारखं नसलं तरी बघायचं, कारण आपल्याला ते दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. डावीकडे मोकळी जागा झाली की समजायचं, ही आपल्यासाठी नाही, मागच्या चाकासाठी आहे. आणि संकट यायच्या आधीच, डोकं शांत असताना, हाताने ब्रेक दाबून उतरायचं. उजवा पाय रस्त्यावर.

"आणि मग पाहिजे तेवढा दाबा," मी म्हटलं. "रस्ता कुठे पळत नाही."

हे सरांना पटलं. कठीण गेली ती एकच गोष्ट, कडा सोडणं. "डावीकडून, डावीकडून" हे त्यांनी इतक्या लोकांना ओरडून सांगितलं होतं की गाडीमागे, रस्त्याच्या मध्याकडे उभं राहायला त्यांना चारचौघांत कपडे काढल्यासारखी लाज वाटायची. मागून हॉर्न वाजला की ते माफी मागत कडेला जायचे. मी म्हटलं, "हॉर्नने आजवर कुणी मेलं नाही." तेही हळूहळू जमलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी परीक्षा ठेवली. भाजीबाजाराचा तोच चौक, ऐन गर्दीची वेळ. मी समोरच्या थांब्यावरच्या बाकावर बसले. आई यायला तयार नव्हती. "मला बघवणार नाही," म्हणाली, आणि मागच्या दुकानात भाव न विचारता कोथिंबीर घेत उभी राहिली.

सर आले. पांढरी टोपी लांबूनच दिसली. त्यांच्या पुढे पाण्याचा टँकर होता, भरलेला, डावा इंडिकेटर लागलेला. चौकाशी येताच टँकरने तोंड उजवीकडे काढलं आणि डावीकडे ती मोकळी पट्टी उघडली. दार उघडून कुणी या बसा म्हणावं, इतकी मोकळी. एक स्कूटरवाला सुर्रकन त्यातून निसटला. सरांचं पुढचं चाक त्या दिशेने वळलं. मला स्पष्ट दिसलं, थोडंसं वळलं. मी ओरडले असते तर पाय खाली गेला असता, हे मला माहीत होतं, आणि गप्प बसणं मला आयुष्यात इतकं जड कधी गेलं नव्हतं.

चाक सरळ झालं. सरांनी हाताने ब्रेक दाबला, टँकरच्या मागे, अंतर ठेवून, रस्त्याच्या मधोमध म्हणावं तिथे थांबले आणि उजवा पाय डांबरावर टेकवला. मान तिरकी करून टँकरच्या आरशात तोंड शोधलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दाबूनच धरला आणि काचेतून डोकं काढून ओरडला, "ओ काका, घरी सांगून आलात का?"

सरांनी टोपीला हात लावला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हो. ती बघा, घरचीच बसली आहे."

टँकर वळला. त्याचं मागचं चाक आत कापत आलं, फुटपाथच्या दगडाला घासलं आणि तिथे पडलेल्या लाकडी खोक्यावरून गेलं. फाटकन आवाज झाला. खोक्याच्या फळ्या झाल्या. सर त्या फळ्यांकडे क्षणभर बघत राहिले, पाय रस्त्यावर घट्ट दाबून. मग रस्ता मोकळा झाल्यावर सावकाश पायडल मारत माझ्याकडे आले. आई कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून दुकानातून बाहेर आली. तिने सगळं पाहिलं होतं.

सर बाकासमोर थांबले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि वाट बघायला लागले.

ठरलं होतं. ते पास झाले होते, शंभर टक्के. मी चप्पल काढली. डावा पाय उचलून बाकावर घेतला, दुमडला. मग उजवा उचलायला गेले, आणि तो येईना. टँकर दिसल्यापासून तो फुटपाथवर दाबलेला होता, टाच, चवडा, सगळा जोर लावून, आणि अजूनही तसाच होता. पोटरीत गोळा आला होता. समोर माझा बाप सुखरूप उभा होता, टँकर केव्हाच निघून गेला होता, तरी माझा पाय ब्रेक सोडायला तयार नव्हता.

"मांडी कुठंय?" सरांनी विचारलं.

"पास आहात तुम्ही," मी म्हटलं. "सायकल तुमची. फक्त पाय आखडलाय माझा."

ते हसले नाहीत. सायकल स्टँडवर लावून माझ्या शेजारी, डाव्या बाजूला, येऊन बसले.

"हं," बाबा म्हणाले. "तुझ्या वेळी माझाही असाच आखडला होता."